क्रियापद

लेस्टरच्या वेल्फर्ड रोडवर
तुरुंगाचा दरवाजा किल्ल्यासारखा आहे.
बसच्या वरच्या मजल्यावरून पोरं त्याचे फोटो काढतात.
मी बाजूच्या दारानं आत जाते.
फोन लॉकरमध्ये, पट्टा स्कॅनरमध्ये,
बिल्ल्यावर लिहिलंय: पोलीस, गुप्तवार्ता.
गुप्त असं फारसं काही नसतं.
हेडफोन असतात, एक हीटर असतो,
आणि माणसं आपल्या माणसांशी बोलत असतात
मिनिटामिनिटाचे पैसे मोजून.

भिंतीवर पाटी आहे: हे फोन ऐकले जातात.
पहिले दोन दिवस सगळे ती वाचतात.
मग कुणाच्या तरी मुलीचा दात पडतो.

गुजराती ऐकायला आमच्याकडे तिघं आहेत.
पोलिश, सोमाली बाहेरून मागवतात.
मराठी आली तेव्हा गॅरेथनं खुर्ची फिरवली:
‘ही तुझी ना?’
माझी. म्हणजे आईची.
घराबाहेर कधी काढली नव्हती,
आता ड्यूटीवर वापरते.

अनंता मेस्त्री, मूळचा देवगडकडचा,
नार्बरो रोडवरच्या हॉटेलात तंदूरवर होता.
फ्रीझरमध्ये कोळंबीखाली पुड्या सापडल्या.
मालक नेमका कोण, ते तो सांगत नाही.
ते नाव ऐकायला मी बसलेली.

दर गुरुवारी बहिणीला फोन.
‘गो बाय, साडयेची घडी मोडलंस काय?’
गॅरेथनं घडीखाली लाल रेघ मारली.
काय मोडायचंय? कुलूप?
मी समासात लिहिलं: नवी साडी पहिल्यांदा नेसणे.
आणि शेवटी, पैसे संपत आले की,
‘बरा तर, येतंय हां.’
याखाली दोन रेघा.
येतो म्हणजे कधी? कुठून? भिंतीवरून?
मी म्हटलं, आमच्यात निघणारा माणूस
येतो म्हणूनच निघतो.
दुसरं म्हणायचं नसतं.
‘का?’
हे आईला विचारून ठेवायला हवं होतं.
नसतं, एवढंच म्हटलं.
त्यानं शेरा मारला: सांस्कृतिक.
फाईल सरकवली.

नोव्हेंबरातला एक गुरुवार.
विहिरीवरच्या पंपाचं विचारलं, भाच्याच्या चष्म्याचं.
ट्यूनाचे चार डबे देणं होते, ते फेडले म्हणाला,
आता कुणाचं काही नाही.
हसलासुद्धा.
मग, ‘बरा तर गो. जातंय.’

रेकॉर्डिंग सव्वासहाचं. घड्याळात आठ चाळीस.
शेजारी यंत्राचं भाषांतर: मी जातो.
एक अक्षर चुकलं नव्हतं.

विंगवर प्रिचर्ड नावाची बाई होती.
‘कशावरून म्हणतेस?’
‘त्यानं चुकीचं क्रियापद वापरलं.’
गप्प झाली. मग रिसीव्हर टेबलावर पडला
आणि किल्ल्यांचा आवाज
लांब लांब जात राहिला.
मी ऐकत बसले. तेवढंच येतं मला.

चादर फाडून झाली होती.
गाठ मारायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी गॅरेथ म्हणाला, साक्षीदार वाचला.
केक आणला होता त्यानं. मी दोन तुकडे खाल्ले.
फॉर्मवर रकाना होता, माहितीचा स्रोत.
‘आई’ लिहिलं, खोडलं,
‘फोन’ लिहिलं.

प्रिचर्ड त्याला बोलली असावी.
तीन आठवड्यांनी बहिणीशी बोलता बोलता
तो मध्येच थांबला.
आवाज बदलला. जणू माझ्याकडे वळला.
‘तू ऐकतंस, तां माका म्हायत आसा.
नाव सांगूचंय नाय.’
तिकडे बहीण, ‘कोणाक सांगतंस रे?’
‘कोणाक नाय,’ तो म्हणाला,
‘बरा तर...’

आणि पैसे संपले.

तीनदा मागे नेऊन ऐकलं.
‘तर’नंतर नुसता एक श्वास आहे,
त्याचा काळ कळत नाही.
मी विंगचा नंबर फिरवला.